फळ्याचा उजवा कोपरा

वर्तमानपत्राची उपनगरी पुरवणी बंद झाली तेव्हा मी एका छोट्या संस्थेत काम घेतलं. अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातल्या मराठी शाळांमध्ये जायचं, आसपासच्या कारखानदारांना, दुकानदारांना भेटायचं आणि दहावीतल्या मुलांना दिवाळीनंतर काही आठवडे त्यांच्याकडे काम बघायला पाठवायचं, असं त्या कामाचं स्वरूप होतं. जड काम नाही, यंत्राला हात नाही, अंधार पडायच्या आत घरी. मालकांना वाटायचं आम्ही त्यांच्या गळ्यात पोरं बांधतोय. पालकांना वाटायचं आम्ही पोरांना वेठीला धरतोय. दोघांचं म्हणणं ऐकून घेऊन मधला रस्ता काढायचा. बातमीदाराला हे काम जमतं, कारण ऐकून घेणं हा त्याचा अर्धा धंदा असतो.

त्या शाळांपैकी एक अंधेरी पूर्वेला होती. इमारत तीन मजली. खालचे दोन मजले त्याच संस्थेच्या इंग्रजी शाळेकडे गेले होते. मराठी शाळा वरच्या मजल्यावर सरकली होती आणि तिथेही आता फक्त दहावी उरली होती. नववीचा वर्ग नव्हता, आठवीचा नव्हता. ही दहावी बाहेर पडली की मजला मोकळा होणार, हे सर्वांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मुख्याध्यापिकांना मुलं मोठ्या बाई म्हणायची. लहान बाई आता कोणी राहिल्या नव्हत्या, तरी नाव तेच चालू होतं.

पहिल्या भेटीत बाई म्हणाल्या, "शाळेचं काय व्हायचं ते होऊ दे. ही मुलं कुठेतरी लागली पाहिजेत. मग मी दाराला कुलूप घालायला मोकळी."

मुलं हळूहळू लागली. कोणी चष्म्याच्या दुकानात, कोणी बेकरीत, दोघं साकीनाक्याच्या एका लेथवाल्याकडे. शेवटी वर्गाची मॉनिटर राहिली. उंच, हाडकुळी मुलगी. विचारलं तेवढंच बोलायची. तिचं अक्षर मात्र असं होतं की फळ्यावरून नजर हलू नये. मराठी शाळेत मॉनिटरचं एक ठरलेलं काम असतं. सकाळी फळा पुसायचा, डावीकडे वार आणि दिनांक, मधे सुविचार, आणि उजव्या कोपऱ्यात चौकट आखून दोन ओळी लिहायच्या: पट किती, हजर किती. पट वर्षभर तोच राहतो. हजर रोज मोजून लिहायचं. तिच्या वर्गात मोजायला मुलं फारशी नव्हती, तरी ती बोट दाखवत, ओठ हलवत मोजायची. मागचे बाक रिकामे होते, तिथपर्यंतही तिची नजर जाऊन यायची.

तिचे वडील एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होते. आजोबा गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. मी त्यांना गेटवरच गाठलं. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः उभे राहिले.

"सर, तुमका खोटा कशाक सांगू," ते म्हणाले. "शाळा संपली की तिका गावाक धाडतलंय. काकी तिची अंथरुणाक खिळली हा. थंय बघूक कोण नाय."

"आणि इथं काम मिळालं तर?"

"पक्का?"

"पक्कं."

त्यांनी आत येणाऱ्या गाडीसाठी गेट उघडलं, सलाम केला, गेट लावलं. "पक्का काम गावला तर रवांदे. तिची आई पण ताच म्हणता. पण नुसतो टायमपास नको."

म्हणजे गोष्ट सरळ होती. दहावीच्या परीक्षेआधी कोणा मालकाने शब्द दिला तर मुलगी मुंबईत राहील, काम करून संध्याकाळचं कॉलेज करील. नाहीतर परीक्षा झाली की गावची गाडी.

मरोळच्या बाजूला एका गोदामात सिनेमा-मालिकांचे सेट बनवणारा एक माणूस होता. वाकोल्याच्या चाळीत वाढलेला, सुताराचा मुलगा, बोलायला तिखट. मी अर्धवट उभ्या असलेल्या एका देवळाच्या गाभाऱ्यात बसून त्याच्याशी बोललो. देऊळ प्लायवूडचं होतं.

"पोरगी?" तो म्हणाला. "साहेब, माझ्याकडे सुतार आहेत, पेंटर आहेत. ती काय करणार, आरती?"

"अक्षर चांगलं आहे."

"अक्षर? सगळं प्रिंट होतं आता. काय राव!" मग म्हणाला, "जुनं करायला जमेल तिला?"

मला कळलं नाही. त्याने समजावलं. भिंत, दार, खुर्ची नवी करणं कोणालाही येतं. कॅमेऱ्यासमोर ती वीस वर्षं वापरलेली दिसायला हवी. चहाचं पाणी, राख, मेण, पॉलिशपेपर, आणि डोकं. त्यातलं डोकं मिळत नाही. "दोघांची जागा आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "पाठवा तिला. दुसरं कोणी असेल तर तेही बघा. काम दिसलं तर ठेवीन, नाही दिसलं तर गोड बोलून परत पाठवीन."

दुसरं कोणी नव्हतं. ती एकटी गेली.

आठवड्याने मी चौकशीला गेलो तेव्हा ती एका नव्या दाराला काळपट रंगाचा हात देत होती. सरसकट नाही. कडीजवळ एक पट्टा आणि बराच खाली आणखी एक.

"खाली कशाला?" मी विचारलं.

"लहान मुलांचे हात तिथं लागतात, सर."

"या घरात लहान मूल आहे का, गोष्टीत?"

"मालककाकांना विचारलं. ते म्हणाले, माहीत नाही." ती जरा मागे सरकून दाराकडे बघत राहिली. "पण असणार."

मालक माझ्या मागे उभा होता. तो हसला नाही. "बघितलंत?" तो हळूच म्हणाला. "हे असं आहे तुमचं पार्सल."

त्याच सुमारास त्याला मढचं काम मिळालं. तिथे शूटिंगला भाड्याने मिळणारे बंगले आहेत. त्यातल्या एकाच्या आवारात मराठी शाळेचा वर्ग उभा करायचा होता. भुताखेताची गोष्ट नव्हती. एका शिक्षिकेवरची साधी कौटुंबिक मालिका होती.

मी वर्सोव्याहून तरीच्या बोटीने खाडीपलीकडे गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून रस्ता बंगल्याकडे जात होता. आवारात शिरल्यावर लाकडी फळकुटांचा उलटा सांगाडा दिसला, त्याला टेकू दिलेले, मागून कच्चा प्लाय. मी वळसा घालून दारातून आत गेलो आणि थांबलो.

तो अंधेरीचा वर्ग होता.

चौथ्या खिडकीला काचेऐवजी पत्रा होता. स्विचबोर्डाच्या एका भोकावर काळी चिकटपट्टी होती. मागच्या भिंतीवर एक खिळा, त्याला काही टांगलेलं नाही, आणि खिळ्याखाली तसबिरीएवढा फिकट चौकोन. खऱ्या वर्गात तो चौकोन मी कित्येकदा पाहिला होता, पण पाहिला होता हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. वर छप्पर नव्हतं. भिंतीच्या काठावर एक कावळा बसून खाली बघत होता. खिडकीबाहेर मेट्रोच्या खांबाऐवजी माड होते.

"तुमच्याच पोरीने फोटो दाखवला," मालक म्हणाला. "आर्टवाल्यांना आवडला. म्हटलं, कर. तिने डोळे मिटून केल्यासारखं केलं सगळं."

एक फरक मात्र मोठा होता. हा वर्ग भरलेला होता. एजन्सीने आणलेली मुलं बाकांवर बसली होती, दाटीवाटीने, शेवटच्या रांगेपर्यंत. गणवेशही त्या शाळेचाच, आकाशी आणि गडद निळा, नवा शिवून जुना केलेला. दोन शॉटच्या मधे दिवे हलवले जात होते आणि मुलांना सांगितलेलं होतं, कोणी हलायचं नाही. कोणी हलत नव्हतं. एवढी मुलं आणि एवढी शांतता मी कुठल्याच शाळेत पाहिली नव्हती. समुद्राचा आवाज येत होता, तो थांबला की दिव्यांची घरघर.

फळा तिने लिहिला होता. पटकथेतली तारीख, एक सुविचार, उजव्या कोपऱ्यात चौकट. पट आणि हजर. मुलं मोजून लिहिलं होतं, आणि आकडा मुलं आणणाऱ्या माणसाच्या आकड्याशी जुळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तिथे होतो. शूटिंग सुरू झालं आणि थांबलं. दिग्दर्शकाची सहायक मुलगी होती. कालच्या आणि आजच्या शॉटमध्ये सगळं तसंच्या तसं आहे ना, हे बघणं तिचं काम. ती हातातल्या फोनवरचा फोटो आणि फळा यांच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"बोर्डला हात कोणी लावला?"

"मी," मॉनिटर म्हणाली. "तारीख बदलली."

"का?"

"आज बुधवार आहे."

प्रकाशयोजनेतलं कोणीतरी फिसकन हसलं. सहायक मुलीला हसू आलं नाही. "अगं यार, स्टोरीत अजून तोच दिवस चालू आहे! कंटिन्युइटीची वाट लावलीस ना! आणि हे काय, हजरमध्ये एक वाढलाय? मुलं तर तीच आहेत."

"मोजून लिहिलंय."

मुलं आणणाऱ्या माणसाने पुन्हा मोजली. कालच्याइतकीच भरली. मग सहायक मुलीलाच उलगडा झाला. "स्वतःला धरलंस! मॉनिटर ना तू! अरे, हिने स्वतःची अटेंडन्स लावली!" या वेळी सगळे हसले. फळा पुसला गेला, कालची तारीख आणि कालचा आकडा परत आला, आणि काम पुढे गेलं.

मालक मला बाजूला घेऊन गेला. तो हसणाऱ्यांत नव्हता. "साहेब, अर्धा तास खाल्ला हिने. हात चांगला आहे, मान्य. पण मी इथं शाळा चालवत नाही, शाळेचं सोंग चालवतो. हा फरक तिला कळला नाही तर मला उपयोग नाही. आणखी एकदा बोर्डला हात लागला की तिला तरीत बसवून द्या."

परत जाताना तरीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी तिला मालकाचं म्हणणं सांगितलं. तिने मान हलवली. अर्ध्या खाडीपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "सर, मी स्वतःला धरलं नव्हतं."

"मग?"

"मॉनिटर बाहेर उभी राहून मोजते. स्वतःला बाईंनी विचारल्यावर धरायचं. इथं बाई नाहीत."

"मग जास्तीचं कोण?"

"शेवटच्या बाकावर होतं. आमच्याकडे तिथं कोणीच बसत नाही ना, म्हणून लक्ष गेलं."

"मुलगा की मुलगी?"

तिने थोडा विचार केला. "मान खाली होती."

बातमीत एका माणसाच्या सांगण्यावर काही छापत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी मुलं आणणाऱ्या माणसाला, मेकअपवाल्या बाईंना आणि जेवण वाढणाऱ्या पोऱ्याला वेगवेगळं विचारलं. शेवटच्या बाकावर कोण बसतं? तिघांची उत्तरं तीन होती. एक म्हणाला दोन मुली. दुसरी म्हणाली एक मुलगी आणि एक मुलगा. तिसरा म्हणाला, तिथं ताट न्यावं लागत नाही, तो बाक रिकामाच असतो. यावरून काहीच सिद्ध होत नाही. माणसं शेवटच्या बाकाकडे नीट बघत नाहीत, एवढंच.

त्या आठवड्यात मी अंधेरीच्या शाळेतही गेलो. मुलं आपापल्या कामांवर होती. बाई खाली ऑफिसात होत्या. मी एकटाच वर गेलो. वर्ग उघडा होता. मॉनिटर नसल्याने फळा पुसलेला नव्हता. त्यावर जुनी तारीख होती, जुना आकडा होता, आणि समोर एकही मूल नव्हतं. पत्र्याची खिडकी, चिकटपट्टी, खिळा, फिकट चौकोन. सगळं मढच्यासारखंच होतं, पण मढचं जास्त नीट होतं. मी भिंतीवर टिचकी मारली. भिंत भरीव होती. तरीही दारातून बाहेर पडताना मी वर बघितलं, छप्पर आहे का ते.

मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं नाही. मुलीचं काम डळमळीत आहे, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते. मी मालकांशी बोलते."

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी त्या माझ्यासोबत मढला आल्या. फिकट हिरवी सुती साडी, खांद्याला पिशवी, नेहमीच्या शाळेच्या पोशाखात. पोहोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. मोठी माणसं बंगल्याच्या मागच्या बाजूला जेवत होती. मुलांची जेवणं आधी उरकून त्यांना परत जागेवर बसवलेलं होतं, कारण दिवे लागलेले होते आणि लगेच शेवटचा शॉट होता. खिडक्यांबाहेरून मोठ्या दिव्याचा उजेड आत येत होता. सकाळच्या उन्हासारखा, पण भर दुपारी, आणि दुसऱ्याच दिशेने.

मालक, मॉनिटर आणि मी सेटच्या उघड्या बाजूला होतो, जिथून कॅमेरा आत बघतो. तिथून पुढचे बाक दिसत होते. शेवटची रांग एका उभ्या फळकुटामागे जात होती. मी बाईंना म्हणणार होतो की इकडून या. पण त्यांनी दार बघितलं आणि त्या दारातून आत गेल्या.

साडी नेसलेली बाई दारातून आत आली की उभं राहायचं, हे त्या मुलांना इतके दिवस शिकवलेलं होतं. सगळी उठली.

"एऽक साऽथ नऽमस्ते."

बाई तिथेच थांबल्या. त्यांच्या शाळेचा गणवेश घातलेली, न ओळखीची, वर्ग भरून मुलं. असा भरलेला वर्ग त्यांनी शेवटचा कधी पाहिला होता, हे मी कधी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बसा."

मुलं बसली.

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. फळ्याकडे वळल्या. तारीख जुनी होती. त्यांनी डस्टर उचलला आणि तारीख पुसली. उजव्या कोपऱ्यातला आकडाही पुसला. मालक "ओ बाई" म्हणून पुढे झाला, पण तोपर्यंत उशीर झाला होता आणि त्याचा आवाजही त्याला वाटला तेवढा मोठा निघाला नव्हता.

"नंबर एक," बाई म्हणाल्या.

पुढच्या बाकावरच्या मुलाने इकडेतिकडे बघितलं. "हजर," तो म्हणाला.

"नंबर दोन."

"हजर बाई."

पुढे ते आपोआप चालू झालं. मुलांना खेळ सापडला होता. एकेक बाक करत हजेरी मागे जात होती, कोणी ठसक्यात म्हणत होतं, कोणी लाजत. बाई फळ्यापाशी उभ्या राहून, वर न बघता, एका लयीत नंबर उच्चारत होत्या. फळकुटामागे गेल्यावर नुसते आवाज येऊ लागले. मॉनिटर ओठ हलवत होती. मग एका मुलीचा बारीक आवाज आला आणि मॉनिटरचे ओठ थांबले, तेव्हा मला कळलं, मुलं संपली.

बाईंनी पुढचा नंबर उच्चारला.

समुद्राचा आवाज त्या वेळी खाली गेला होता. मधे थोडी जागा राहिली.

"हजर."

आवाज लहान होता. घाईचा नव्हता, खोडीचा नव्हता. पुढच्या बाकांवरची मुलं खिदळली आणि मागे वळून बघू लागली. वळलेल्या मुलांचं हसू थांबलं की नाही, हे मला दिसलं नाही, कारण त्यांची तोंडं माझ्याकडे नव्हती.

"पोरं मस्ती करतात," मालक म्हणाला. तो मला सांगत नव्हता.

मॉनिटर पुटपुटली, "आता जुळलं."

बाईंनी पुढचा नंबर घेतला नाही. त्यांनी खडू उचलला, तेवढ्यात सहायक मुलगी हात पुसत आली आणि तिने फळा बघितला.

"नो. नो नो नो! कोणी पुसला? शेवटचा शॉट आहे यार!"

"मी पुसला," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात खडू तसाच होता. आपण कुठे आहोत हे त्यांना तेव्हा दिसलं असावं. त्यांनी वर बघितलं, छपराच्या जागी आकाश होतं. "माफ करा. तारीख चुकीची होती."

सहायक मुलीने मालकाकडे बघितलं. मालकाने मॉनिटरकडे. माझ्याही मनात तेच आलं, की फळ्याला पुन्हा हात लागला, कोणाचाही असो, आणि आता गावची गाडी.

मॉनिटर आत गेली. बाईंच्या हातातून खडू घेतला. सहायक मुलीने फोनवरचा फोटो पुढे केला, तो तिने बघितला नाही. तिने आधी तारीख लिहिली, पटकथेतली, कधीच होऊन गेलेली. मग उजव्या कोपऱ्यात आली. पट लिहिला. हजरपाशी खडू थांबला. तिने एकदा वर्गाकडे बघितलं, सरळ शेवटपर्यंत. मग पहिल्या दिवसाचा आकडा लिहिला.

बाई तिच्या मागे उभ्या होत्या. चाळीस वर्षांची सवय. "आकडा चुकलाय गं," त्या म्हणाल्या. "एक कमी आहे."

"हो बाई," ती म्हणाली. "इथं हाच लागतो."

सहायक मुलीने फोटो आणि फळा ताडून बघितले. शेपटी तुटलेलं अक्षरसुद्धा तसंच तुटलेलं होतं. "परफेक्ट," ती म्हणाली.

मालकाने बाईंना हात जोडले. बाई जे बोलायला आल्या होत्या ते बोलायची वेळच आली नाही. "तुझी दहावी होऊ दे," तो मुलीला म्हणाला, "मग ये. पक्की ये. वडलांना सांग मी बोललो म्हणून." मग माझ्याकडे वळून, "कळला तिला फरक."

येताना तरीत तिघे होतो. बाई पुढे बसल्या होत्या, पाण्याकडे तोंड करून. मुलगी माझ्याजवळ सरकली.

"सर, हजर असलेल्याला गैरहजर लावलं, तर त्याला कळतं का?"

मी म्हटलं, "तुला काम मिळालं. आज तेवढंच धर."

"धरलंय," ती म्हणाली. "म्हणून तर विचारतेय."

मार्चमध्ये परीक्षा झाली. मुलगी गावी गेली नाही. काकीकडे बघायला तिची आई काही दिवस गेली, मग कोणी लांबची बहीण आली. मोठ्या बाईंनी म्हटल्याप्रमाणे कुलूप घातलं. वरचा मजला रिकामा करताना बाक, टेबल आणि फळा ठेवायला कुठे जागा नव्हती, तेव्हा त्यांनी मालकालाच फोन केला आणि त्याने टेम्पो पाठवला. खरा फळा, खरे बाक.

पुढच्या वर्षी मला नव्या शाळेतली मुलं लावायची होती. मालकाचा निरोप होता की त्याच्याकडच्या दुसऱ्या जागेसाठी कोणीतरी बघा. मी मरोळच्या गोदामात गेलो. मालक साइटवर होता. सुतार त्याच्यासोबत गेलेले. मुलगी एकटी काम करत होती, एका कपाटाच्या कडा पॉलिशपेपरने झिजवत. उंचीने वाढल्यासारखी दिसली. संध्याकाळचं कॉलेज बरं चाललं होतं. वडील आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात म्हणाली, "मुलगी सिनेमात आसा."

गोदामाच्या मागच्या भागात मढच्या भिंती उभ्या करून ठेवल्या होत्या. आडव्या ठेवायला जागा नव्हती, आणि बाक ठेवायलाही दुसरी जागा नव्हती. त्यामुळे त्या तीन भिंतींच्या आत बाक रांगेत लागले होते. खोट्या भिंती, खरे बाक. पत्र्याची खिडकी, खिळा, चौकोन. समोर खरा फळा टेकवलेला. स्वच्छ पुसलेला.

डावीकडे वार आणि दिनांक होता. त्याच दिवसाचा. उजव्या कोपऱ्यात चौकट. पट दोन. हजर दोन.

"इथं तू एकटीच असतेस ना?" मी विचारलं.

"हो. काका आणि सुतार साइटवर असले की एकटीच."

"मग हे दोन?"

"आता स्वतःला धरते," ती म्हणाली. तिने कपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं, फुंकर मारली. "रोज मोजून लिहिते, सर."

मी जिथे उभा होतो तिथून पुढचे बाक दिसत होते. शेवटची रांग भिंतीच्या आड होती. जरा पुढे होऊन मान वळवली असती तर दिसली असती. आयुष्यभर मी दुसऱ्यांना तेच सांगत आलो होतो, की जाऊन बघा, मग लिहा. मी तिला म्हटलं, अभ्यास कर, आणि निघालो.

रात्री मालकाचा फोन आला. "काय साहेब, येऊन गेलात म्हणे. दुसरं पोरगं कधी पाठवताय? जागा रिकामी ठेवलीय मी."

"या वर्षी जमत नाही," मी म्हटलं. "मला तर तुमच्याकडे दोन्ही जागा भरलेल्या दिसल्या."

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

"म्हणजे फळा तुम्हीही वाचलात," तो म्हणाला.